भाड्याच्या नऊवारीवर लिपस्टिकचा डाग

तायांनो, डिसेंबर उजाडला की शाळांची गॅदरिंग सुरू होतात, मग संक्रांतीचं हळदीकुंकू, त्यामागे लग्नसराई. आपल्यातले काही गट शिवलेल्या नऊवारी भाड्याने देतात. साडी परत येते तेव्हा गळ्याला फाउंडेशन, पदराला लिपस्टिक, बाहीला काजळ हे ठरलेलंच. लहान पोरीच त्या, तोंड पदरालाच पुसणार!

आमच्या गटाने पहिल्याच वर्षी चूक केली. मोतिया रंगाची नवी नऊवारी लिपस्टिकच्या डागासकट परत आली. आम्ही ती गरम पाण्यात घालून खसाखसा घासली. डाग पुसट वाटला, म्हणून वरून इस्त्री फिरवली. डाग तळहाताएवढा पसरला आणि कायमचा बसला. अनामत द्यायची की नाही, यावरून त्या मुलीच्या आईशी वाद झाला तो वेगळाच. शेवटी अनामत परत दिली. डाग मुलीने पाडला होता, पण पक्का आम्हीच केला होता.

असं का झालं? लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. गरम पाण्याने मेण वितळतं आणि रंगाला घेऊन धाग्यात आणखी आत शिरतं. म्हणून आधी पाणी लावायचंच नाही. चमच्याच्या कडेने वरचा थर हलकेच खरवडून घ्या. डागाची बाजू खाली करून साडी जुन्या पांढऱ्या कापडावर पसरा. आता उलट बाजूने भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि बोटाने दाबा. चोळू नका. रंग खालच्या कापडावर उतरायला लागतो. कापड सरकवत राहा, म्हणजे उतरलेला रंग परत साडीला लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी गार पाण्याने धुवा. एकदा नाही निघाला तर पुन्हा करा.

तरीही रंग राहिला, तर मेडिकलमधलं स्पिरिट कापसावर घेऊन टिपा. आधी आतल्या शिवणीवर लावून बघा, साडीचाच रंग उतरत असेल तर थांबा. आणि हे काम चुलीपासून, गॅसपासून लांब करा, स्पिरिट झटकन पेट घेतं.

फाउंडेशन आणि काजळालाही तेच लिक्विड चालतं. नेलपॉलिश मात्र रिमूव्हरनेच निघते, आणि काही चकचकीत कृत्रिम कापडं रिमूव्हरने चक्क विरघळतात. तिथे हात लावू नका.

हळदीचं वेगळंच. साबण लागला की पिवळा डाग लाल होतो आणि बाई घाबरते. घाबरू नका, साबणातल्या खाराने तसं होतं. भरपूर पाण्याने खळबळलं की परत पिवळा होतो. मग सुती पांढरं पोलकं असेल तर कडक उन्हात घाला, हळद उन्हाने उडते. रंगीत साडीला हा उपाय करू नका, साडीचाच रंग उडेल. जरीला लिंबू लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जर काळी पडते. रेशमी साडी किंवा पैठणी असेल तर घरी प्रयोग नको. ड्रायक्लीनिंगला द्या, आणि डाग कशाचा आहे ते सांगून द्या.

धुतल्यावर सावलीत वाळवा, उजेडात डाग बघा, आणि पूर्ण गेला असेल तरच इस्त्री करा.

आता आमच्याकडे साडी परत घेताना गळा, पदर आणि बाही गिऱ्हाइकासमोरच दिवसाउजेडी बघतो आणि वहीत लिहितो. डाग कधी लागला तेही विचारतो, कारण त्याच दिवशी धुतला तर बहुतेक निघतो. ती मोतिया नऊवारी अजून पेटीत आहे. मागच्या रांगेत नाचणाऱ्या मुलीला निम्म्या भाड्यात देतो.