सामन माशांची चढण आणि कांठावरची गर्दी

ज्या वाचकांचें लहानपण कोंकणांत गेलें आहे त्यांस चढणीचे मासे ठाऊक असतीलच. मृगाचा मोठा पाऊस पडून ओढे भरून वाहूं लागले, कीं मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट वर चढतात, आणि गांवचे लोक दिवे, टोपल्या व जाळीं घेऊन बांधावर धांवतात. हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर एका थंड देशांत कशी घडते, आणि तेथील लोकांनीं आपल्या हातांस कोणती बंधनें घालून घेतलीं आहेत, हें आज पाहावयाचें आहे.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकास अलास्का नांवाचा विस्तीर्ण प्रांत आहे. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १८६७ सालीं रशियापासून विकत घेतला. त्याच्या दक्षिणेस केनाई नांवाची नदी आहे. तिची लांबी सुमारें १३२ किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदा-कृष्णांपुढें ती लहानच म्हणावयाची. हिमनद्या वितळून तिला पाणी मिळतें, म्हणून तें निळसर हिरवें व अतिशय थंड असतें. डेनाइना हे तेथील मूळचे लोक. विलायती लोक येण्याच्या फार पूर्वीपासून त्यांचा निर्वाह या नदीच्या सामन माशांवर चालत आला.

सामनाच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकीं सॉकाय जातीचा मासा या नदींत सर्वांत अधिक येतो. त्याचें आयुष्य मोठें विलक्षण आहे. मादी वाहत्या पाण्याच्या तळाशीं गोट्यांत खळगा करून त्यांत दोन ते चार हजार अंडीं घालते. पिलें एक दोन वर्षें सरोवरांत वाढतात, मग समुद्रांत उतरतात, आणि तेथें दोन तीन वर्षें राहून पुष्ट झाल्यावर ज्या पाण्यांत जन्म झाला त्याच पाण्याकडे परततात. ही वाट त्यांस कशी सांपडते? जन्मनदीचा वास त्यांच्या लक्षांत राहतो, असें विस्कॉन्सिन येथील आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या वर्षांत प्रयोगांनीं दाखविलें. आणि भर समुद्रांत पृथ्वीच्या चुंबकशक्तीचीही त्यांस मदत होत असावी, असें अलीकडील शोधांवरून दिसतें. नदींत शिरल्यावर सॉकाय अन्न घेत नाहीं. अंगांतील चरबीवर तो वर चढतो, चढतां चढतां त्याचें रुपेरी अंग लाल व डोकें हिरवें होतें, आणि अंडीं घालण्याचें काम उरकलें कीं नर व मादी दोघेंही मरतात. म्हणून अंडीं घालण्यापूर्वीं जो धरला गेला त्याचा वंश तेथेंच खुंटला, दुसरी संधि त्यास नाहीं.

केनाईस कूपर लँडिंग गांवाजवळ रशियन नांवाची एक लहान, निवळशंख उपनदी मिळते. तेथें जूनच्या मध्याच्या सुमारास माशांची पहिली चढण येते व जुलईच्या मध्यानंतर दुसरी. अँकरेज शहराहून मोटारीनें दोन तासांत तेथें पोंचतां येतें. शिवाय जूनमध्यें रात्रीं अकरा वाजेपर्यंत उजेड असतो. मग काय विचारतां! पैलतीरीं नेणारी एक तर आहे. तिला यंत्र नाहीं, आडव्या तारेस अडकवून नदीच्या ओघानेंच ती सरकते. तिच्यांतून उतरून लोक गुडघाभर पाण्यांत खांद्यास खांदा लावून उभे राहतात. या प्रकारास ते विनोदानें लढाईची मासेमारी म्हणतात.

तरी ही लढाई बहुधा मुकाट्यानें व तालावर चालते. गळाच्या वर हातभर अंतरावर शिशाचा तुकडा असतो. सर्वजण सारख्याच लांबीची दोरी प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकतात, ती ओघाबरोबर खालीं येऊं देतात, आणि पुन्हां उचलून टाकतात. एकानें ताल सोडला कीं दहा जणांच्या दोऱ्या गुंततात. कोणास मासा लागला तर तो मोठ्यानें ओरडून सांगतो. शेजारी आपली दोरी ओढून घेतात आणि त्यास कांठाकडे जाण्यास वाट देतात. मग तोही माशास लांबवर खेळवीत न बसतां लवकर बाहेर काढतो. दोरी तुटली तर शिसें बंदुकीच्या गोळीसारखें उलट येतें, म्हणून डोळ्यांस चष्मा लावणें अत्यावश्यक. (ही सभ्यता कितपत सौजन्याची व कितपत गळाच्या टोंकाची, हें सांगणें कठीण, पण ती पाळली जाते हें खरें.) नवखे लोक खोल पाण्यांत शिरतात. वास्तविक मासे ओघ चुकविण्यासाठीं कांठाच्या अगदीं जवळून चढतात. तेव्हां मधोमध उभा राहणारा माशांच्या वाटेवरच पाय रोवून त्यांस दूर हांकलतो.

चाणाक्ष वाचक येथें विचारील कीं जो मासा खातच नाहीं तो गळास कसा लागतो? बहुतेक वेळां असें होतें कीं वाहती दोरी त्याच्या उघड्या जबड्यांतून सरकते व गळ तोंडाच्या कडेस रुततो. पाठींत किंवा पोटांत रुतला तर कायद्याप्रमाणें मासा सोडूनच द्यावा लागतो. दोहोंतील भेद बोटभर अंतराचा आहे, आणि एकटा असतांना तो कोण किती पाळतो हें ज्याचें त्यालाच माहीत.

नदीच्या मुखाशीं दुसरा प्रकार. १० ते ३१ जुलई या काळांत केवळ अलास्काच्या रहिवाशांस लांब दांड्याचें, गोल कड्याचें जाळें धरून घरखर्चापुरते मासे काढतां येतात: कुटुंबप्रमुखास २५, व घरांतील प्रत्येक अधिक माणसामागें १०. ते विकण्याची सक्त मनाई आहे. ओळख राहावी म्हणून शेपटीचीं दोन्ही टोंकें छाटावीं लागतात. वर नदींत गळानें धरणारास मात्र सामान्यतः दिवसाला तीनच.

हे आंकडे कोण ठरवितो? मुखापासून सुमारें ३० किलोमीटरवर पाण्यांत ध्वनिलहरी सोडून वर जाणारे मासे मोजण्याचें यंत्र बसविलें आहे. उशिराच्या चढणीचे साडेसात ते तेरा लक्ष सॉकाय अंडीं घालण्यास मिळावे, असें सरकारी मत्स्यखात्याचें धोरण ठरलेलें आहे. चढण मोठी दिसली तर तीनाचे सहा होतात, रोडावली तर नदी बंद होते. अलीकडे कांहीं वर्षीं वीस लक्षांहून अधिक मासे वर गेले आहेत. कांठाचीही काळजी घ्यावी लागते, कारण पिलें तीरालगतच्या गवताच्या व मुळ्यांच्या आश्रयानें राहतात आणि हजारों बुटांखालीं तो आश्रय ढांसळतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं उजेड खालीं पडेल अशा जाळीदार लोखंडी पायवाटा केल्या आहेत, व कांहीं तीर अजिबात बंद ठेविले आहेत.

इतकें मोजमाप असूनही सर्व कांहीं हातीं येतें असें नाहीं. याच नदींत राजा सामन म्हणून सर्वांत मोठी जात आहे. १७ मे १९८५ रोजीं लेस अँडरसन या गृहस्थानें सुमारें ४४ किलो वजनाचा राजा सामन येथें गळानें धरला. पेंढा भरून ठेवलेला तो मासा सोल्डॉट्ना गांवीं लोक पाहावयास जातात. पुढें या जातीची चढण घटत गेली, परतणारे मासेही पूर्वीपेक्षां लहान व कोंवळे येऊं लागले. समुद्रांत त्यांचें काय होतें याचा उलगडा अद्यापि पुरता झालेला नाहीं. २०२३ व २०२४ सालीं केनाईंत राजा सामन धरण्यास बंदी राहिली. आणि २०२३ सालीं समुद्रकांठीं स्थिर जाळीं लावून पोट भरणाऱ्या कोळ्यांसही, त्यांच्या जाळ्यांत राजा सांपडतो म्हणून, समोरून सॉकायचे थवे जात असतां हंगामभर स्वस्थ बसावें लागलें. त्यांचें दुःख खरें होतें. अशा बंदीच्या काळांत सॉकायच्या गळास चुकून राजा लागलाच, तर त्यास पाण्याबाहेर उचलण्याचीही परवानगी नसते, छायाचित्रासाठींही नाहीं. दोरी ढिली करून, पाण्यांतल्या पाण्यांतच गळ काढून, त्यास वाट मोकळी करून द्यावी लागते.