वनरक्षकाची रिकामी जागा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, रेहेकुरी येथे 1980 साली काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. सुप्याच्या माळाप्रमाणेच तोही कमी पावसाचा, गवताचा आणि बाभळीचा प्रदेश. या स्मरणिकेसाठी आम्ही हे लहान उदाहरण मुद्दाम निवडले. संरक्षित क्षेत्रात माणसे कमी पडली की काय होते, हे ताडोबासारख्या विस्तीर्ण उद्यानापेक्षा येथे लवकर ध्यानात येते.

वनखात्याच्या रचनेतील सर्वांत लहान एकक म्हणजे नियतक्षेत्र. ते वनरक्षकाच्या स्वाधीन असते. गस्त घालणे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून घेणे, पाणवठे पाहणे, वणवा लागल्यास प्रथम धावणे, ही त्याची कामे. त्याचे पद रिक्त राहिले म्हणून नियतक्षेत्र रद्द होत नाही; शेजारच्या वनरक्षकाकडे त्याचा 'अतिरिक्त कार्यभार' जातो. कागदोपत्री दोन्ही क्षेत्रांना रक्षक असतो, प्रत्यक्षात प्रत्येकी अर्धा.

काळविटांचे कळप हद्द जाणत नाहीत. ते शेजारच्या पिकांत शिरतात. भरपाई मिळण्यासाठी बांधावर येऊन पंचनामा व्हावा लागतो. त्यासाठी माणूस वेळेवर आला नाही, तर पीक काढणीस येते, पुरावा नाहीसा होतो आणि शेतकऱ्याचा रोष खात्यावरून हरणावर वळतो. हा परिणाम कोणत्याही प्राणिगणनेत उमटत नाही. आम्हांस मात्र तोच सर्वांत गंभीर वाटतो.

अमेरिकेत फेब्रुवारी 2025 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे 1000 नवनियुक्त कर्मचारी एकाएकी कमी करण्यात आले. योसेमिटी उद्यानातील कुलपांची देखभाल करणारा एकमेव कारागीरही त्यांत होता! जगभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे कपात अशी गाजावाजाने होत नाही. पद मंजूर असते. निवृत्त झालेल्याच्या जागी दुसरा यायचा तेवढा राहतो.

महाराष्ट्रात 2023 साली 2138 वनरक्षकांची भरती जाहीर झाली. हे काम सोपे नव्हे. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी खुणांची पाहणी करीत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तरीही बारावी झालेल्या आमच्या मुलामुलींनी या पदाचा अवश्य विचार करावा, असे आम्ही पालकांना सुचवतो. धावण्याच्या चाचणीत मुलांना 5 आणि मुलींना 3 किलोमीटर अंतर असते. सरावाला सुप्याचा माळ पुरेसा आहे.