वाय दाबण्याआधी वाच गं

छोटे, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ठाण्याहून सुटलेल्या गाडीत दाराशी उभी होते. "ताई, कुलूप लागलंय म्हणतोय. नेटवर एक कमांड मिळालीये, काढून टाकू का कुलूप?" एवढं ऐकू आलं आणि मुंब्र्यापाशी फोन कटला. दिव्याला रेंज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू एंटर दाबलं नव्हतंस. शाबास! पण दर वेळी रेंज मिळेलच असं नाही, म्हणून आज डोंबिवलीला घरी पोचल्यावर हे सगळं सविस्तर लिहायला बसले.

आधी त्या कुलपाचं. लॅपटॉप सुरू केलास की उबुंटू पडद्यामागे स्वतःच सुरक्षेचे अपडेट घालत असतो. त्या कामाचं नाव अनअटेंडेड अपग्रेड्स. ते चालू असेपर्यंत पॅकेजच्या, म्हणजे मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामांच्या, नोंदवहीला कुलूप असतं. नोंदवही ही खरीच आहे बरं, 'स्टेटस' नावाची एक साधी मजकुराची फाइल. तुझ्या मशीनवर कोणतं पॅकेज आहे, कितव्या आवृत्तीचं आहे, नीट बसलंय की अर्धवट राहिलंय, सगळं त्या एका फाइलीत. कुलूप काढून टाकलंस की दोन प्रोग्राम एकदम त्याच वहीत लिहायला लागतात, आणि वही बिघडली की मशीनला स्वतःच्याच घरात काय आहे ते कळेनासं होतं. कालचा तो संदेश पुन्हा आठव. त्यात कुलूप कोणाच्या हातात आहे त्याचा नंबर आणि कंसात नाव होतं. तिथे 'अनअटेंडेड' दिसलं तर चहा टाक, दहा-पंधरा मिनिटं थांब. दुसरं काही करायचं नाही.

पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्ट या प्रोग्रामच्या 'अपडेट' आणि 'अपग्रेड' यांत तुझा गोंधळ होतो, तो सगळ्यांचाच होतो. कल्याण स्टेशनवर तू काय करतेस? आधी इंडिकेटर बघतेस, मग गाडीत चढतेस. 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हणजे इंडिकेटर बघणं. कोणत्या पॅकेजची नवी आवृत्ती आली त्याची यादी तेवढी येते, मशीनवर काहीही बदलत नाही. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' म्हणजे गाडीत चढणं. इंडिकेटर न बघता चढलीस तर जुन्या माहितीवर चढलीस. अपडेट न करता काही इन्स्टॉल करायला गेलीस की कधीकधी 'फाइल सापडली नाही' असं येतं, ते यामुळेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं, ती. समज, तू जिंप हा चित्रांचा प्रोग्राम टाकते आहेस. कमांड दिलीस की ॲप्ट लगेच काही करत नाही. आधी सांगतो, मग 'वाय' की 'एन' ते विचारतो. जिंपसोबत आणखी कोणती पॅकेजेस येणार त्यांची नावं येतात, कारण एका पॅकेजला चालायला दुसरी लागतात. मग एक ओळ येते, चार आकड्यांची. किती अपग्रेड होणार, किती नवीन येणार, किती काढली जाणार आणि किती जशीच्या तशी राहणार. बोट ठेव तिसऱ्या आकड्यावर. तो शून्य असला तर निर्धास्त हो. तिथे 3 असला तर वर जाऊन ती तीन नावं वाच. 40 असला तर 'एन' दाब आणि मला फोन कर, मग मी मीटिंगमध्ये असले तरी चालेल. त्याच्याखाली दोन ओळी असतात, किती एमबी उतरवायचं आणि डिस्कवर किती जागा जाणार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असशील तेव्हा त्याही वाच. 600 एमबीचं अपग्रेड तुझ्या दिवसभराच्या डेटाचा फडशा पाडेल.

हे न वाचता पुढे गेल्यावर काय होतं, ते नोव्हेंबर 2021 मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला मोठा यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेम्सचा प्रोग्राम टाकत होता. त्या वेळी पॅकेजमध्ये एक चूक होती. ॲप्टने स्पष्ट बजावलं की यात डेस्कटॉपच काढला जाईल, आणि नुसत्या वायवर न भागवता 'होय, मी सांगतो तसंच कर' या अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला, उरला काळा पडदा. पुढे ॲप्ट बनवणाऱ्यांनी तो रस्ताच अवघड करून टाकला. त्या माणसाला कॉम्प्युटर कळत नव्हता असं कोणी म्हणणार नाही. संदेश लांब होता आणि तो घाईत होता, एवढंच. भीती वाटत असेल तर कमांडमध्ये 'डॅश एस' घाल. मग ॲप्ट सगळं करून दाखवल्यासारखं करतो, प्रत्यक्षात काहीच करत नाही.

सामान आणायचं कुठून, हेही ऐक. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून येणाऱ्या यादीवर डिजिटल सही असते आणि त्या यादीत प्रत्येक फाइलीची खूण असते. वाटेत कोणी पॅकेजमध्ये फेरफार केला तर खूण जुळत नाही आणि ॲप्ट ते घेत नाही. एखाद्या साइटवरून उचललेली कमांड सुडोसकट, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने, चिकटवलीस की हा पहारा तू स्वतःच उठवलास. भांडारात नसलेली एखादी गोष्ट लागेलही कधी, पण आधी भांडारात शोध. 'ॲप्ट सर्च' करून बघ, नव्वद टक्के गोष्टी तिथेच सापडतील असा माझा अनुभव आहे.

तिथल्या आवृत्त्या जुन्या असतात, ही तुझी तक्रार मला मान्य आहे. पण त्या मुद्दाम जुन्या ठेवलेल्या असतात, सुरक्षेची दुरुस्ती तेवढी त्यांत घालतात. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या छोट्याशा पॅकेजच्या 5.6.0 आणि 5.6.1 या अगदी ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. ॲन्ड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असं वाटलं आणि तो मुळाशी गेला. तुझ्या उबुंटू 24.04 ची बीटा आवृत्ती त्यामुळे आठवडाभर पुढे गेली होती. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीवाले मात्र वाचले, ते जुन्यावर होते म्हणून.

कॉलेजच्या पायथनच्या प्रॅक्टिकलला पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपकडून 'एक्सटर्नली मॅनेज्ड' अशी अडवणूक झाली म्हणालीस. ती 2023 पासूनच्या आवृत्त्यांत आहे आणि तुझ्या भल्यासाठी आहे. उबुंटूची स्वतःची बरीच हत्यारं पायथनमध्येच लिहिलेली आहेत, कालचं ते अनअटेंडेड अपग्रेड्ससुद्धा. तू पिपने त्यांच्या खालचं सामान बदललंस तर तीच मोडतील. प्रत्येक विषयाला वेगळं फोल्डर कर, त्यात 'व्हेन्व्ह', म्हणजे पायथनची वेगळी खोली, बनव आणि पिप तिथेच चालव. नासलं तर फोल्डर उडवायचं, पुन्हा करायचं.

आणि चार्जर लावल्याशिवाय मोठं अपग्रेड सुरू करायचं नाही. मी नोकरीला लागले त्या वर्षी माझा डेस्कटॉप होता, यूपीएस नव्हता. अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली. दीड तासाने आली तेव्हा ॲप्ट एकच संदेश दाखवत राहिला, कशालाही हात लावू देईना. रात्री एकपर्यंत मी रडकुंडीला आले होते, आणि उपाय त्याच संदेशात लिहिलेला होता. सुडो, डीपीकेजी, मग दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेली पॅकेजेस त्याने एकेक करून मार्गी लावली. मी घाबरून संदेश वाचलाच नव्हता. तुझ्यावर ती पाळी येऊ नये.

आता थोडं आपल्या मराठीचं. लोहित देवनागरी हा टंक, लिबर ऑफिसचं मराठी रूप, दोन्ही भांडारात आहेत. लोहितवर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी कितीतरी वर्षं काम केलंय. टेसरॅक्टचं मराठी पॅकेजही टाक. बाबांच्या जुन्या दिवाळी अंकांतलं पान स्कॅन केलंस की छापील अक्षरांचा मजकूर हाती येतो. थोड्या चुका दुरुस्त कराव्या लागतील, पण बाबांना दाखवच. आणि कमांडचा कंटाळा आला तर सिनॅप्टिक टाक, तेच काम खिडकीत दिसतं. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचा धडा मराठीतून आहे, फुकट.

एक मात्र मनापासून सांगते. लॅबमध्ये काही अडलं की शेजारचा मुलगा "दे इकडे" म्हणून की-बोर्ड ओढून घेतो, असं तू म्हणाली होतीस. देऊ नकोस. त्याला सांगायला सांग, टाइप तू कर. तो भराभर सहा कमांडी मारून उठून जाईल आणि त्याने काय केलं ते तुला कधीच कळणार नाही. माझ्या बाबतीत दोन वर्षं तेच झालं, आणि ती दोन वर्षं मला नोकरीत भरून काढावी लागली.

कोणी ॲप्टने काही केलंच असेल तर त्याची नोंद मशीनकडे असते. 'व्हार'च्या आत 'लॉग', त्यात 'ॲप्ट', आणि त्यात 'हिस्टरी डॉट लॉग'. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती कमांड दिली, काय आलं आणि काय गेलं, सगळं तिथे आहे. आज रात्री ती फाइल उघड आणि शेवटच्या पाच नोंदी वाच. रविवारी मी कल्याणला येते आहे, तेव्हा त्या पाचही मला तूच समजावून सांग.