गोदीचे रूळ का गंजले?
(मुंबई बंदराच्या लोहमार्गाचा उदय आणि ऱ्हास)

मुंबईची रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी उभी राहते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी तर शालेय पुस्तकापासून आपल्या ओळखीची आहे. परंतु याच शहराच्या पूर्व किनाऱ्याला लागून, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत, आणखी एक लोहमार्ग पसरला होता. धान्य, कापूस, कोळसा, लोखंड, यंत्रसामग्री हेच त्याचे मुख्य उतारू. आज त्याचे बहुसंख्य फाटे निकामी झाले आहेत. कोठे रूळ डांबराखाली गेले, कोठे त्यांवर रान माजले, तर कोठे त्यांना खेटून झोपड्या उभ्या राहिल्या. हे का घडले आणि त्याचे आपल्याला काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे आजोबा दाणा बंदर येथील एका वखारीत तोलार होते. त्यामुळे हा विषय माझ्या घरचाच आहे. तथापि येथे मी आठवणींपेक्षा कारणमीमांसेवर भर देणार आहे.

फाटा कशासाठी?

मुख्य लोहमार्गापासून निघून एखाद्या गोदीत, गिरणीत किंवा वखारीत शिरणारा आखूड मार्ग म्हणजे फाटा; रेल्वेच्या रोजच्या भाषेत साइडिंग. त्याचे महत्त्व त्याच्या लांबीत नसते, तर त्याच्या शेवटच्या टोकाशी काय आहे यात असते. ते टोक थेट गुदामाच्या दारात गेले म्हणजे मालाची एक चढउतार वाचते. ज्या काळी प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून जात होते, त्या काळी ही बचत फार मोठी होती.

मुंबईचे पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाले. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, तर त्याला लागूनच व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाले. व्यापार वाढत गेला, पण गोदी आणि रेल्वेचे मालधक्के यांच्यामधला दुवा होता बैलगाडीचा. पुढे १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजेच आजचे इंदिरा डॉक, खुले झाले. त्याच्या खोदकामातून निघालेली माती भरावाला वापरली गेली आणि त्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. याच योजनेचा एक भाग म्हणून १ जानेवारी १९१५ रोजी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. देशभरातून आलेली मालगाडी वडाळ्याच्या यार्डात फोडावयाची, प्रत्येक वाघीण तिच्या मुक्कामाप्रमाणे वेगळी करावयाची आणि शंटिंगच्या इंजिनाने तिला गोदीच्या शेडमध्ये, धान्याच्या आगारात किंवा कोळशाच्या बंदरावर नेऊन सोडावयाचे, असे तिचे काम होते. कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीला हलला तो याच रुळांच्या आधाराने. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव त्या बाजाराची खूण म्हणून शिल्लक आहे.

या व्यवस्थेची पाळेमुळे किती घट्ट होती, हे एका भीषण घटनेवरून कळते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. शेकडो माणसे मेली, आग विझवणारे ६६ जवान कामी आले, गोद्या उद्ध्वस्त झाल्या. ढिगारा उपसण्यास सुमारे सात महिने लागले. तरीही गोद्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि मालगाड्याही पुन्हा धावू लागल्या. एवढ्या आगीने जे संपले नाही, ते पुढे शांतपणे, कोणाच्या फारसे लक्षात न येता संपत गेले.

दोष केवळ ट्रकचा आहे काय?

'ट्रक आले आणि रेल्वेचा माल गेला' असे उत्तर सर्वसाधारणपणे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ट्रक स्वातंत्र्यापूर्वीही होते. मग फाट्यांचा ऱ्हास विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतच एवढ्या वेगाने का व्हावा? माझ्या मते त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण वाघिणीच्या मुक्कामात आहे. आजोबा सांगत, की डाळीची एक वाघीण रिकामी करण्यास हमालांच्या टोळीला वेळ लागेच, पण ती फाट्यावर येण्याची आणि रिकामी झाल्यावर परत ओढून नेली जाण्याची वाट पाहण्यात त्याहून अधिक वेळ जाई. मुदत उलटली की व्यापाऱ्याला डॅमरेज भरावे लागे. रेल्वेच्या दृष्टीने तर उभी वाघीण म्हणजे अडकून पडलेले भांडवल. म्हणून १९८० च्या दशकात भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी पूर्ण गाडी, म्हणजे रेक, एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी थेट रिकामी करण्यावर भर दिला. रेल्वेचा हिशेब बरोबरच होता. मात्र एक-दोन वाघिणी डाळ मागवणारा व्यापारी दोन-तीन हजार टनांचा रेक कोठून भरणार? तो ट्रककडे वळला. तेव्हा ट्रकने त्याला ओढून नेले, असे म्हणण्यापेक्षा नव्या व्यवस्थेत त्याला जागा उरली नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

दुसरे कारण म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेथून हे युग सुरू झाले. माल एकदा पेटीत बंद केला की ती जहाजावरून थेट ट्रकवर किंवा गाडीवर चढते. वाटेत कोणी पोते उचलत नाही. या पेट्यांना विस्तीर्ण मोकळे आवार आणि मोठ्या क्रेन लागतात. एकोणिसाव्या शतकातील अरुंद गोद्या आणि त्यांना चिकटलेली गुदामे त्यांच्या कामाची नव्हती. २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि पेट्यांचा व्यापार हळूहळू तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भराव घालून बुजवण्यात आल्या.

तिसरे कारण असे, की फाट्यांची टोकेच नाहीशी झाली. कांदा-बटाटा, धान्य, मसाले यांचे घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत गेले. लोखंडबाजार कळंबोलीला गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर अनेक गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटलीच नाहीत. वखारच उरली नाही, तर तिच्या दारातल्या रुळाने काय करावे? मुंबई बंदरातील मालाचे एकूण वजन पाहून येथे फसगत होण्याचा संभव आहे. ते वजन मोठे दिसते, पण त्यात मोठा वाटा खनिज तेलाचा आहे, आणि ते जवाहर द्वीपावरून नळांतून तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. त्याला ना वाघीण लागते, ना हमाल.

चौथे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज पटेल. फाट्यावरून दिवसाला शंभर वाघिणी जावोत की पाच, फाटकवाला, सांधेवाला आणि रुळांची देखभाल यांचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. माल घटला की प्रत्येक वाघिणीवरचा खर्च वाढतो. खर्च वाढला की देखभालीत काटछाट होते. गाड्या मंदावतात आणि उरलासुरला मालही निघून जातो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबवणे अवघड असते.

रूळ गेल्यानंतर

ही कथा केवळ मुंबईची नाही. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनच्या पश्चिम भागात मालगाड्या भर रस्त्यातून धावत. त्यांच्याखाली इतके लोक सापडले, की दहाव्या ॲव्हेन्यूला लोक 'मृत्यूचा रस्ता' म्हणू लागले. म्हणून १९३४ मध्ये मालगाडीसाठी उंच पुलावरचा मार्ग बांधण्यात आला. पुढे ट्रकवाहतुकीमुळे माल घटला, मार्गाचे दक्षिण टोक १९६० च्या सुमारास पाडले गेले आणि १९८० मध्ये शेवटची गाडी गेली. तिच्यात गोठवलेल्या टर्की पक्ष्यांचे तीन डबे होते, असे सांगतात. १९९९ मध्ये परिसरातील रहिवाशांनी संघटना स्थापन करून उरलेला मार्ग वाचवण्याची खटपट सुरू केली, आणि २००९ पासून तेथे 'हाय लाइन' हे उद्यान आहे. उद्यान लोकप्रिय झाले. मात्र आजूबाजूच्या जागांच्या किमतीही त्याबरोबर चढल्या. रुळांचे सौंदर्य वाचले, तरी शेजारी राहणारा सामान्य माणूस वाचेलच असे नाही, हा त्यातील धडा.

आपल्याकडे याहून वेगळे उदाहरण आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा मार्ग १९०६ च्या सुमारास शहराचा कचरा देवनारकडे नेण्यासाठी टाकला गेला. १९२४ मध्ये तो उतारूंसाठी खुला झाला. तोच मार्ग मानखुर्दमार्गे पुढे वाढत १९९२ मध्ये वाशीला पोहोचला. कचऱ्याच्या गाडीसाठी राखलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवरून आज लाखो माणसे कामावर जातात. ती पट्टी त्या वेळी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर नंतर कितीही पैसा ओतून तशी सलग जमीन पुन्हा मिळाली नसती.

माझ्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. फाट्याचे काम संपते, पण सलग पट्टीचे मोल संपत नाही. मुंबई बंदराकडे, म्हणजे २०२१ च्या कायद्यानंतरच्या मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, शहराच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे १८०० एकर जमीन आहे. तिच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. याच किनाऱ्यावरून २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग झाला. त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. म्हणजे ज्या बंदराने इकडचा माल ओढून नेला, त्याच बाजूला आता मोटारींचा पूलही जातो. मोटारीची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण ज्यांच्यापाशी मोटार नाही, त्यांच्या वाट्याला या किनाऱ्याचे काय येणार?

येथे आणखी एका वर्गाची आठवण ठेवली पाहिजे. गोदी कामगारांना १९४८ च्या कायद्याने आणि माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने रोजगाराची थोडी शाश्वती मिळाली. सातारा, जुन्नर, कोकण येथून आलेली कुटुंबे त्या आधारावर उभी राहिली. त्यांचीच मुले आज आपल्यासारखी महाविद्यालयात आहेत. पेटी आली, टोळी गेली. हा बदल टाळता आला असता असे मी म्हणत नाही. पाठीवरचे शंभर किलोंचे पोते उतरले याचे दुःख कोणी करू नये. दुःख एवढेच, की ज्यांच्या श्रमाने ही जमीन मोलाची झाली, त्यांचा तिच्या भविष्याच्या चर्चेत उल्लेखही क्वचित होतो.

म्हणून रूळ उखडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात असे मला वाटते. पट्टी सलग राखली जाते की नाही. तिच्यावर लोकल, बस किंवा पायवाट अशी सर्वांच्या उपयोगाची सोय होऊ शकते की नाही. आणि रुळांकडेला राहणाऱ्यांचे पुनर्वसन त्यांच्या कामाच्या ठिकाणापासून किती दूर होते. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल व इतिहास विभागांनी या फाट्यांचा नकाशा तयार करण्याचे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. कोणता रूळ कोणत्या वखारीत जात होता हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारून ते लिहून ठेवण्यास विद्यार्थ्यांची एक सुट्टी पुरेल.