फोन आणि डायरी एकत्र आली, त्याची गोष्ट

१९९०च्या दशकात फोन आणि ऑर्गनायझर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. नंबर एकात शोधायचा आणि दुसऱ्यावर लावायचा! आयबीएमने १९९४ मध्ये अमेरिकेत ‘सायमन’ विक्रीला आणून दोन्ही एकत्र केलं. स्टायलसने चालणारा पडदा, पत्ते, कॅलेंडर, सगळं होतं. पण वजन अर्धा किलो आणि बॅटरी बोलताना जेमतेम तासभर. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर पुस्तकासारखा उघडायचा, आत कीबोर्ड होता. तोही ३९७ ग्रॅमचा, म्हणजे खिसा फाडणाराच.

खरी जोडी जमली ती हँडस्प्रिंगच्या ‘ट्रिओ’त. २००२ मध्ये ट्रिओ १८० आला, २००३ मध्ये ट्रिओ ६००. नाव-आडनावाची पहिली अक्षरं टाइप केली की यादीतला माणूस समोर आणि तिथूनच फोन लागायचा.

पण यात एक मेख होती. या ट्रिओंमध्ये माहिती रॅममध्ये राहायची. बॅटरी पूर्ण उतरली की सगळे पत्ते साफ! त्यावर उपाय म्हणजे ‘हॉटसिंक’: यंत्र संगणकाला जोडून बटण दाबलं की दोन्हीकडे सारखी प्रत. २००४ च्या ट्रिओ ६५० मध्ये फ्लॅश मेमरी आली आणि ही भीती गेली. पुढे २०१० मध्ये एचपीने पाम कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये पामची यंत्रं बनवणंच थांबवलं. ज्यांची यादी संगणकावर होती, त्यांचे नंबर मात्र वाचले.

आज प्रत आपोआप क्लाउडवर जाते. पण फोन हरवला आणि पासवर्डचा कोडही त्याच फोनवर येत असेल, तर? मध्यरात्री आई-बाबांकडून फोन आला की त्यांचे डॉक्टर, शेजारच्या काकू यांचे नंबर त्याच क्षणी लागतात. म्हणून तीन गोष्टी करा:

१. सगळे नंबर +९१ सकट साठवा.
२. यादीची व्हीसीएफ फाइल काढून संगणकावर ठेवा. ती जवळजवळ कुठल्याही फोनला वाचता येते.
३. महत्त्वाचे दहा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा, एक प्रत जोडीदाराला द्या.

दहा मिनिटांचं काम आहे. येत्या रविवारी चहा पिता पिता उरकून टाका!