मणक्याची दुखापत : नवे संशोधन आणि आपल्या घरातली शुश्रूषा

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे त्यांत असतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरतो, भरलेली ट्रॉली उलटते, रात्री मोटारसायकलला धडक बसते. गावी असलो तरी विहिरीचे काम आणि चिंचेचे झाड आहेच. अशा अपघातात मणका मोडला, तर नवरा-बायकोचा कोयता मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. म्हणून या वेळी आपण मणक्याच्या दुखापतीची माहिती घेऊ.

मज्जारज्जू म्हणजे काय?

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो. हालचालीचा आदेश त्यातूनच हातापायांना जातो आणि स्पर्श, वेदना यांची खबर त्यातूनच मेंदूकडे येते. मानेत इजा झाली तर चारही अवयवांवर परिणाम होतो, पाठीत झाली तर पायांवर. लघवी-संडासवरचा ताबाही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दीड कोटींहून अधिक माणसे अशा दुखापतीसह जगत आहेत.

अनेक रुग्णांत मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसतो, काही तंतू शाबूत राहतात. इजेच्या खालचे मज्जातंतूंचे जाळेही जिवंत असते. आजचे बरेच संशोधन याच उरलेल्या तंतूंना पुन्हा कामाला लावण्याचे आहे.

नवे संशोधन काय सांगते?

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रेग्वार कूर्तीन आणि जोसलिन ब्लॉक यांच्या गटाने मज्जारज्जूवर विजेचे सौम्य स्पंदन देणारे यंत्र बसवून रुग्णांना चालण्याचा सराव दिला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये त्याच गटाने मेंदू आणि मज्जारज्जू यांना यंत्राने जोडल्याचे जाहीर केले. गेर्ट-यान ओस्काम या डच रुग्णाला २०११ मध्ये सायकल अपघातात मानेची दुखापत झाली होती. तो या यंत्राच्या साहाय्याने उभा राहू लागला, चालू लागला. सरावानंतर यंत्र बंद असतानाही त्याला कुबड्यांवर काही पावले टाकता येऊ लागली.

२०२४ मध्ये शस्त्रक्रियेविना, त्वचेवरून स्पंदन देण्याच्या उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेची जुनी दुखापत असलेल्या ६० जणांनी दोन महिने हा उपचार आणि व्यायाम एकत्र घेतला. त्यांपैकी ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामाची क्षमता, दोन्ही वाढली. काहींची दुखापत तीस वर्षांहून जुनी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली.

या सर्व प्रयोगांत यंत्राबरोबर महिनोन् महिने व्यायाम होता. सांधे आखडलेल्या, जखमांनी पोखरलेल्या शरीराला असा सराव करता येत नाही. उद्याचा उपचार आपल्या माणसाला लाभावा असे वाटत असेल, तर आज त्याची त्वचा, मूत्रपिंडे आणि सांधे सांभाळले पाहिजेत.

पहिली क्रांती कूस बदलण्याची

डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू डॉक्टर. नाझी राजवटीने ज्यू डॉक्टरांवर बंदी घातली. १९३९ मध्ये ते इंग्लंडला आश्रयाला गेले आणि १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने लवकर दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची निगा, व्यायाम आणि खेळ यांवर भर दिला आणि रुग्ण जगू लागले. १९४८ मध्ये त्यांनी भरवलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अपघात झाला त्या क्षणी

पडलेल्या माणसाला हातपाय धरून ओढू नये, बसवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. १०८ ला फोन करावा. हलवणे भागच असेल तर चार जणांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दारावर घ्यावे. चोळणाऱ्याकडे नेऊ नये. कामावरच्या अपघाताची नोंद रुग्णालयात आणि पोलिसांत करून घ्यावी, भरपाई मागताना तिचा आधार मिळतो.

घरातली शुश्रूषा

१. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी, रात्रीही. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी बुड उचलावे किंवा बाजूला कलावे. गोल रबरी रिंग वापरू नये.

२. रोज सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. लाली जात नसेल किंवा जागा काळवंडली असेल तर त्या जागेवर भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

३. बधिर भागाला गरम विटेचा किंवा पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. भाजल्याचे रुग्णाला कळत नाही.

४. स्वच्छ नळीने दर चार ते सहा तासांनी लघवी काढण्याची पद्धत रुग्णालयातच शिकून घ्यावी. ताप, थंडी, गढूळ लघवी ही संसर्गाची खूण आहे. संडासची वेळ रोज एकच ठेवावी.

५. पाय, गुडघे, घोटे, हात दिवसातून दोनदा हळूवार हलवावेत. एका पायाला अचानक सूज आली तर चोळू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

६. मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची दुखापत असेल आणि अचानक डोके ठणकू लागले, घाम आला, तर रुग्णाला बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी मुडपली आहे का पाहावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो.

कुठे जावे, काय टाळावे?

आपल्याकडे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणालाही कामावरून काढता येत नाही.

स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलून जमीन विकू नये. जपानच्या केइओ विद्यापीठाने २०२५ मध्ये चार रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले, दोघांत सुधारणा दिसली. पण हे काम अजून प्राथमिक आहे. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार या दुखापतीसाठी असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

विहाराचे काम

अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खू त्याची सेवा करीत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे.

कमावता हात थांबला की माणूस निरुपयोगी ठरतो, हा विचार आपल्या घरात शिरू देऊ नये. रात्रंदिवस कूस बदलणारी बहुधा आई, बायको किंवा सून असते. तिला झोप कधी मिळणार? विहारातील चार तरुणांनी पाळी लावून आठवड्यातून दोन रात्री सांभाळल्या, महिला मंडळाने नळ्या आणि औषधांसाठी पेटी ठेवली, विहाराच्या पायरीला उतार बांधला, तर ते घर सावरेल. रुग्णाला नैराश्य आले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. आपल्या गावात असा कोणी अंथरुणावर असेल, तर येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून त्याच्या घरी जाऊ या आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारू या.

जय भीम!