नोकरीच्या शोधात

मुंबई हे पोटासाठी आलेल्या माणसांच्या कष्टांवर उभे राहिलेले शहर आहे. १८५६ साली कावसजी दावर यांची कापडगिरणी येथे सुरू झाली. पुढे गिरणगावात एकामागून एक धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो तरुण वळकटी काखेत घेऊन मुंबईस येऊ लागले. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकावी, खानावळीत जेवावे व सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे, असा त्यांचा क्रम असे.

दारातील कोणाला आत घ्यावयाचे, हे जॉबर ठरवी. काम मिळावे आणि मिळालेले टिकावे म्हणून पुष्कळांना त्याचा हात ओला करावा लागे. त्यासाठी कर्ज काढावे आणि पगार व्याजात घालवावा, अशी अनेकांची गत होई. कामावर घेण्याचा व काढण्याचा जॉबराचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात केली.

आज त्या गिरण्यांपैकी बहुतेक बंद पडल्या आहेत. परंतु गरजवंताच्या घाईवर जगणारे लोक अजून आहेत. आता ते मोबाइलवर भेटतात.

समजा, एका तरुणाला निरोप आला : ‘विमानतळावर नोकरी. पगार भरपूर. मुलाखत नाही. आजच नोंदणीचे दोन हजार रुपये भरा.’ आईने दागिना मोडून पैसे दिले, तर काय होईल? उद्या गणवेशाचे पैसे मागतील, परवा अनामत मागतील; नंतर तो फोन लागणारच नाही. म्हणतात ना, ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.’

खरा मालक कामाचा मोबदला देतो; काम देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सरकारी परीक्षांना शुल्क असते हे खरे. पण ते जाहिरातीत स्पष्ट छापलेले असते आणि तेथे सांगितलेल्या रीतीनेच भरावयाचे असते.

मग नोकरी शोधावी कशी? केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या ‘राष्ट्रीय करिअर सेवे’त उमेदवाराची नोंदणी विनामूल्य होते. जाहिरात दिसल्यास ती त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, हे पाहावे. अर्जात खरी तीच माहिती लिहावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवावी, पण कोणाच्या स्वाधीन करू नयेत. प्रत द्यावी लागल्यास तिच्यावर कारण व तारीख लिहावी. बँकेचा गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये. मुलाखतीस दिवसा जावे आणि कोठे जात आहोत, हे घरी सांगून जावे. काम, पगार व वेळ ज्यात लिहिली आहे, असे नेमणूकपत्र वाचूनच सही करावी.

इतके करूनही कोणी फसला, तर लाजेने गप्प बसू नये. मोबाइलवरून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता अधिक असते.

मुलांनो, तुम्हांला नोकरी करावयास अजून अवकाश आहे. पण घरातील दादा वा ताई आज अर्ज करीत असतील. त्यांच्या शेजारी बसून ती जाहिरात तुम्हीही एकदा नीट वाचा.

स्वाध्याय

१. जॉबरामुळे कामगार कर्जबाजारी कसे होत?
२. पाठातील निरोपात संशयास्पद गोष्टी कोणत्या?
३. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : हात ओला करणे, दागिना मोडणे.